दस्तक, खातरजमा, अखत्यार : एक प्रस्तावना

भिलाईत नोकरी केलेल्या माणसाला पहाऱ्याचे शास्त्र मुद्दाम शिकवावे लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन, पुढे चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून या वसाहतीचा सारा दिनक्रम कारखान्याच्या फाटकांभोवती फिरत आला आहे. मेन गेट, बोरिया गेट ही नावे येथे पत्ता सांगतानाही कामी येतात. पाळी सुरू होण्यापूर्वी आधी सायकलींचे, पुढे स्कूटरींचे आणि आता मोटारसायकलींचे लोंढे या फाटकांशी येऊन थबकतात, पास दाखवितात आणि आत ओसरतात. कायम कामगाराचा पास निराळा, ठेकेदाराच्या मजुराचा निराळा आणि मुदतीचा, पाहुण्याचा तर कोणा जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीवाचून मिळणारच नाही असा. आणि माणसाला आत जाण्याची मुभा मिळाली म्हणून त्याला सामान बाहेर नेण्याचीही मुभा मिळाली असे होत नाही, त्यासाठी वेगळा कागद लागतो, ही गोष्ट नव्याने भरती झालेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात कळून चुकते. फाटकावर उभा असलेला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान त्या पोराला व्यक्तिशः ओळखत असला तरी पास मागतोच, आणि त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही हेही त्याला कळते.

संगणकांच्या जाळ्यांचे, म्हणजे ज्याला आपण सर्रास नेटवर्क म्हणतो त्याचे, संरक्षण कसे होते आणि त्यातील प्रवेशाचे नियमन कोणत्या तत्त्वांवर चालते, याविषयीची परिभाषा पुढील पानांतून मराठीत मांडली आहे. ज्यांनी हे काम केले ते संग्राहक याच शहरातील मराठी घरांतून वाढलेले अभियंते व अध्यापक आहेत. नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावती या भागांतून त्यांचे आईबाप किंवा आजोबा पोलादाच्या नोकरीसाठी मुंबई-हावडा मार्गाच्या गाडीने येथे उतरले आणि येथलेच झाले. कामावर त्यांची बोली हिंदी व इंग्रजीच्या मिश्रणाची, घरी मराठी. तेव्हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो की, १९८६ सालापासून शेजारच्या दुर्गात भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि २०१६ साली स्थापन झालेली आयआयटी ज्या शहराला लाभली आहे, त्या शहरात हा विषय इंग्रजीतून सुखेनैव शिकविला जात असता तो मराठीत आणण्याची आवश्यकता काय? माझे उत्तर असे की, इंग्रजीतून विषय शिकणारा विद्यार्थी त्या विषयाचा रक्षक होतो. परंतु ज्याचे रक्षण करावयाचे आहे तो माणूस, म्हणजे पेन्शनीत निघालेले काका, बँकेचे पासबुक सांभाळणारी मावशी, संगणकावर हजेरी भरणारा कारकून, या परिभाषेच्या बाहेरच उभा राहतो, आणि त्याच्याकडून काय मागितले जात आहे हे त्याला उमगत नसल्यामुळेच तो ते देऊन बसतो. फोनवर आलेला ओटीपी हा संख्यांचा समूह ‘कळविण्याची माहिती’ नसून आपल्या नावाची खातरजमा करणारे दस्तक, म्हणजे एक पासच, आहे, एवढे त्याच्या भाषेत त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

या विषयात घोटाळा कोठे होतो, याचे एक उदाहरण देतो. कर्मचाऱ्यांच्या एका शिक्षणवर्गात एका अनुभवी ऑपरेटरने तक्रार केली होती की, माझा पासवर्ड बरोबर आहे, संगणक मला नावानिशी आत घेतो, आणि तरीही भांडाराची फाइल उघडू देत नाही. तर मग हा संगणक मला ओळखतो की नाही? शिकविणाऱ्याने ‘तुमचे ऑथेंटिकेशन झाले आहे, ऑथरायझेशन नाही’ असे उत्तर दिले आणि वर्ग पुढे चालू केला. उत्तर अक्षरशः खरे होते. परंतु ऑपरेटरच्या चेहऱ्यावरचा प्रश्न तसाच राहिला, कारण त्याच्या कानाला ते दोन्ही शब्द एकाच आवाजाचे होते. त्यालाच जर कोणी सांगितले असते की, तुमची खातरजमा झाली आहे, पण भांडाराचा अखत्यार तुमच्याकडे नाही, तर बोरिया गेटातून तीस वर्षे आतबाहेर केलेल्या त्या गृहस्थाला अधिक काही सांगावे लागले नसते.

या पुस्तकाचा सारा डोलारा तीन क्रियांच्या वेगळेपणावर उभा आहे. मनुष्य जो म्हणवितो तोच तो आहे काय याची पारख करणे, ही पहिली. त्याला काय काय करण्याची मुभा आहे हे ठरविणे, ही दुसरी. आणि त्याने प्रत्यक्ष काय केले ते लिहून ठेवणे, ही तिसरी. सरकारी परिभाषेत पहिलीला ‘प्रमाणीकरण’ म्हणतात. परंतु प्रमाणीकरण हा शब्द दाखल्याच्या नकलेवर अधिकाऱ्याने सही करण्यालाही लावला जातो, मालाच्या दर्जालाही लावला जातो आणि लेखनाच्या नियमांनाही लावला जातो. इतकी ओझी वाहणारा शब्द नेमकेपणाच्या कामी येत नाही. म्हणून संग्राहकांनी पहिलीला खातरजमा, दुसरीला अखत्यार आणि तिसरीला रोजकीर्द असे शब्द योजले. पेशव्यांच्या दप्तरात दररोजच्या जमाखर्चाच्या व हुकुमांच्या नोंदी ज्या वहीत होत तिला रोजकीर्द म्हणत. संगणकातील ‘लॉग’ वस्तुतः तीच वही आहे. लॉग हा शब्द रुळला आहे आणि तो पुस्तकातून हद्दपार केलेला नाही, तथापि रोजकीर्द म्हटले की ती वही रोजच्या रोज, क्रमाने, मागे फिरून खाडाखोड न करता लिहावयाची असते, हा अर्थ आपोआप हाती येतो.

आपल्या राज्यकर्त्यांनी आणि त्यांच्या कारकुनांनी या तिन्ही क्रिया पुरेपूर जाणल्या होत्या, असे जुनी कागदपत्रे पाहताना वारंवार वाटते. मराठेशाहीतील अस्सल पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब असे. शिक्क्याने पत्र कोणाचे ते ठरे. मोर्तबाने त्याखाली दुसऱ्या कोणी चार ओळी वाढवू नयेत याचा बंदोबस्त होई. हल्लीच्या डिजिटल स्वाक्षरीकडून हीच दोन कामे एकत्र करून घेतात: स्वाक्षरी कोणाची हे सिद्ध होते आणि मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ती खोटी ठरते. पत्र दप्तरात रुजू झाल्याची खूण निराळी असे, आणि ती करणारा हातही निराळा. लिहिणारा, शिक्का करणारा आणि रुजू करून घेणारा हे एकच नसावेत, यातच त्या व्यवस्थेचे मर्म होते.

किल्ल्यांचा कारभार तर या दृष्टीने मुद्दाम अभ्यासण्याजोगा आहे. जिंजीला राजारामाच्या आश्रयाने लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवकालीन गडाचा जो बंदोबस्त वर्णिला आहे, त्यात हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी एका तोलाचे मानून तिघांनी मिळून कारभार करावा अशी योजना दिसते. शिवाय अंबारखान्याचा व सामानसुमानाचा हिशेब कारखाननिसाकडे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या हाती असत, परंतु हजेरीपट व कागद सबनिसाच्या, आणि शिबंदीची गस्त सरनोबताच्या. एक फुटला तरी गड फुटू नये, हा त्यामागचा हेतू. १९७५ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सॉल्टझर व श्रोडर या दोघांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर जो निबंध लिहिला आणि जो आजही या शास्त्राचा पाया मानला जातो, त्यातील आठ तत्त्वांपैकी एक हेच आहे की, महत्त्वाचे कुलूप दोन निरनिराळ्या किल्ल्यांनी उघडणारे असावे. त्याच निबंधातील दुसरे तत्त्व, प्रत्येकाला कामापुरताच अखत्यार द्यावा. आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत उपेक्षित, असे की, ज्या गोष्टीची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली नाही तिची मनाई आहे असेच धरून चालावे. आमच्याकडील बहुतेक कचेऱ्यांतील संगणकांची मांडणी नेमकी याच्या उलट असते: मनाई लिहिलेली नाही, म्हणून सर्व खुले.

आमच्या छत्तीसगडाशीही मराठ्यांच्या या कारभाराचा संबंध आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करपंतांच्या हाताखाली रतनपुरावर आल्या. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करीत होते. त्यांच्या पश्चात सुभ्याची व्यवस्था आली, परगणे पडले आणि परगण्या-परगण्यावर कमाविसदार नेमले गेले. कमाविसदाराची सत्ता त्याच्या पदाची असे, त्याच्या घराण्याची नव्हे. बदली होताच दप्तर पुढच्याच्या हवाली करून त्याला रिकाम्या हाताने निघावे लागे. १९९२ साली अमेरिकेतील फेरायोलो आणि कुन यांनी संगणकाच्या क्षेत्रात जी पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली, की अखत्यार माणसाला न देता पदाला द्यावा आणि माणसाला पदावर बसवावे, ती समजावून देण्यासाठी या भूमीत दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. पुस्तकात तिला ‘पदनिष्ठ प्रवेश’ म्हटले आहे. अनेक आस्थापनांत चालणारी खरी आपत्ती अशी की, कर्मचारी चार विभागांतून फिरत फिरत वर चढतो आणि मागच्या तिन्ही विभागांच्या किल्ल्या त्याच्या खिशात तशाच राहतात. निवृत्तीनंतरही त्याचे खाते कोणी बंद करीत नाही. पटावरून नाव कमी झाले, पण नेटवर्कमधून झाले नाही, असे हे बेवारशी खाते आत शिरू पाहणाऱ्याला हमखास उपयोगी पडते.

प्रवेशाच्या नियमनाचा तात्त्विक पाया समजून घ्यावयाचा असेल, तर १९७१ साली बटलर लॅम्पसन यांनी मांडलेला एक तक्ता डोळ्यांपुढे आणावा. डाव्या बाजूला एकाखाली एक माणसांची नावे, माथ्यावर ओळीने वस्तूंची, म्हणजे फाइली, यंत्रे, कोठारे यांची नावे; आणि प्रत्येक चौकटीत त्या माणसाला त्या वस्तूचे काय करता येईल ते लिहिलेले: वाचता येईल, लिहिता येईल, चालविता येईल, किंवा काहीच नाही. हा तक्ता आडवा वाचला की एका माणसाच्या हातातील परवाने मिळतात. उभा वाचला की एका दारावर टांगलेली यादी मिळते. आशय एकच, परंतु व्यवहारात दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर पडते. परवाना माणसाच्या हाती असला तर पहारेकऱ्याला यादी चाळावी लागत नाही, काम झपाट्याने होते. पण तो परवाना परत घेणे दुर्घट, कारण तो कोठे कोठे फिरला आणि त्याच्या किती नकला झाल्या ते देणाऱ्याला ठाऊक नसते. यादी दारावर असली तर एका फटकाऱ्याने नाव खोडता येते. पण हा मनुष्य एकंदर किती दारांतून जाऊ शकतो, याचा पत्ता लावण्यासाठी सगळी दारे हिंडावी लागतात. कारखान्याच्या फाटकावर पासही असतो आणि यादीही असते, याचे कारण हेच.

आता तोतयांविषयी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो तोतया निघाला, त्याची हकीगत मराठी वाचकाला सांगावयास नको, न. चिं. केळकरांचे नाटकही त्यावर आहे. चेहऱ्याचे साम्य हे त्याचे भांडवल होते. परंतु त्या प्रकरणातील जो भाग मला अधिक बोधप्रद वाटतो तो निराळा आहे. हा मनुष्य पकडला गेला होता, तोतया म्हणून उघडकीस आला होता आणि किल्ल्यात कैदेत होता. तो बाहेर पडून कोकणात धुमाकूळ घालू शकला तो रत्नागिरीच्या ज्या सुभेदाराच्या ताब्यात तो होता त्यानेच त्याला सोडून त्याचा पक्ष घेतला म्हणून. पुढे १७७६ मध्ये पुण्यास त्याला देहान्त शासन झाले. खातरजमा नीट झाली होती. ज्याच्या हाती किल्ल्या त्याचीच खात्री उरली नाही. परिभाषेत अशा आतल्या माणसाकडून होणाऱ्या घाताला फितुरी हा शब्द सिद्धच होता, आणि संग्राहकांनी तो निःशंकपणे घेतला आहे.

पुण्याच्याच कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी जो हल्ला झाला, तो याच अंगाने पाहण्याजोगा आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा एका मधल्या संगणकाकडे, म्हणजे स्विचकडे जाते. तो ती बँकेच्या मूळ खातेवहीकडे पोचवितो. खात्यात शिल्लक आहे काय, मर्यादा ओलांडली काय, हे पाहून खातेवही होकार देते, आणि मगच नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून खऱ्या स्विचच्या जागी आपला बनावट स्विच उभा केला. मग विचारणा खातेवहीपर्यंत जाण्याचे कारणच उरले नाही. तोतया स्विच परस्पर होकार देत गेला, आणि एका शनिवारी थोड्या तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले. त्यानंतर १३ तारखेस स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या मार्गाने सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला गेले. एकंदर लूट ९४ कोटींच्या घरात होती. एका खातेदाराचे सोंग घेऊन एवढे साधत नाही. आपण सदैव असे गृहीत धरतो की तोतया दारात उभा असतो आणि दारातील अधिकारी खरा असतो. येथे निवाडा देणाऱ्या गादीवरच तोतया बसला होता. म्हणूनच या शास्त्रात खातरजमा उभयपक्षी असावी असा आग्रह धरतात: यंत्राने माणसाची करावी, माणसाने यंत्राची करावी, आणि एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचीही करावी. बँकेचे नाव सांगून फोन करणारा मनुष्य तुमची जन्मतारीख विचारतो, तेव्हा त्याची खातरजमा तुम्ही केली आहे काय?

पोलादाच्या गावात हा विषय बँकेशी संपत नाही. जर्मनीच्या माहिती-संरक्षण खात्याने २०१४ च्या आपल्या वार्षिक अहवालात एका पोलाद कारखान्यावर झालेल्या हल्ल्याची हकीगत दिली. कारखान्याचे नाव दिले नाही. हल्लेखोरांनी निवडक कर्मचाऱ्यांना विश्वास बसेल अशी पत्रे ईमेलने धाडून प्रथम कचेरीच्या नेटवर्कमध्ये पाय रोवला आणि तेथून ते उत्पादनाच्या नेटवर्कमध्ये उतरले. एकामागून एक नियंत्रक यंत्रणा बिघडत गेल्या, शेवटी एक झोतभट्टी रीतसर बंद करता येईना, आणि कारखान्याचे प्रचंड नुकसान झाले. ज्यांनी झोतभट्टी पाहिली आहे त्यांना या एका वाक्याचा अर्थ समजतो. भिलाईतील आठ नंबरची, महामाया नावाची भट्टी, ४,०६० घनमीटर पोटाची आहे. असल्या भट्टीत लोखंडाचा रस सुमारे दीड हजार अंश तापमानाला असतो, आणि दिवा मालवावा तशी ती मालविता येत नाही. झोत क्रमाने कमी करावा लागतो, रस काढून घ्यावा लागतो, भोवतीच्या थंड पाण्याचा ओघ अखंड राखावा लागतो; क्रम चुकला तर रस आतच गोठतो, आणि पाणी जर आतल्या तप्त द्रवाशी भिडले तर स्फोट होतो. कचेरीतल्या एका कारकुनाने उघडलेले पत्र आणि भट्टीच्या पोटातला रस यांच्यामध्ये अडसर कोणता, हा प्रश्न त्यामुळे विद्वत्तेचा न राहता जिवाचा होतो. तो अडसर म्हणजे जाळ्याचे निरनिराळे महाल पाडणे: कचेरीचे जाळे वेगळे, उत्पादनाचे वेगळे, भट्टीजवळच्या नियंत्रकांचे त्याहून वेगळे, आणि प्रत्येक दोहोंमध्ये मोजके नाके, जेथे प्रत्येक निरोप थांबवून तपासला जातो.

येथे भाषेने निर्माण केलेली एक अडचण विस्ताराने सांगितली पाहिजे. कारखान्यात जागोजाग लागलेल्या पाट्यांवर ‘सुरक्षा’ हा शब्द असतो. शिरस्त्राण घाला, ही सुरक्षा. आणि फाटकावर बंदूक घेऊन उभा आहे, तेही सुरक्षा दल. अपघातापासून माणसाला वाचविणे आणि शत्रूपासून मालमत्तेला वाचविणे, या दोन कामांना हिंदीत व मराठीत आपण एकच नाव देऊन बसलो आहो. एरवी ते खपते. नेटवर्कच्या क्षेत्रात मात्र ही दोन कामे कधी कधी एकमेकांच्या उरावर बसतात. आग लागली तर दार उघडे पडले पाहिजे, असे अपघाताचे शास्त्र म्हणते. बिघाड झाला तर दार बंद झाले पाहिजे, असे पहाऱ्याचे शास्त्र म्हणते. कचेरीत पाच वेळा पासवर्ड चुकला की खाते गोठविणे हा शहाणपणाचा नियम होय. पण भट्टीच्या नियंत्रण-कक्षात, घंटा वाजत असताना, घामेजलेल्या बोटांनी पासवर्ड चुकविणाऱ्या ऑपरेटरला तोच नियम लावून पडद्याबाहेर ठेवले, तर नियम पाळून माणसे मारल्यासारखे होईल. म्हणून अशा कक्षात पडद्याला कुलूप लावण्याऐवजी कक्षाच्या दाराला कुलूप लावतात: खोलीत कोण येतो हे कडकपणे पाहायचे, आणि जो आत आहे त्याला यंत्र थांबविण्याची मुभा विनाअट द्यायची.

या दोन्ही शास्त्रांचा उत्तम मेळ पाहावयाचा असेल तर दुरुस्तीच्या वेळचा शटडाऊन पाहावा. पट्टा किंवा पंप दुरुस्तीस घेण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा तोडतात, आणि त्या खटक्यावर एक अनेक भोकांची लोखंडी कडी अडकवितात. मग फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, जितके जण त्या यंत्रावर काम करणार तितके प्रत्येकजण आपापले कुलूप त्या कडीत लावून आपल्या नावाचा बिल्ला टांगतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. शेवटचे कुलूप निघाल्याशिवाय खटका वर जात नाही. तेथे साहेबाचाही अखत्यार चालत नाही; यंत्राच्या पोटात ज्याचा हात आहे त्या वेल्डरचाच चालतो. बिल्ल्यावर नाव आहे, कुलपात अखत्यार आहे आणि परमिटाच्या कागदावर वेळेसह नोंद आहे. ‘सुरक्षा’ या शब्दाच्या दोन अर्थांची सरमिसळ टाळण्यासाठी पुस्तकात अपघाताच्या संदर्भात ‘सुरक्षितता’ आणि शत्रूच्या संदर्भात ‘संरक्षण’ असा भेद शेवटपर्यंत पाळला आहे, आणि माझ्या दृष्टीने या संग्रहाचे हे सर्वांत मोलाचे कार्य आहे.

शब्द घडविण्याच्या कामी आपली परंपरा मोठी आहे. रघुनाथपंडितांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शिवकालीन राज्यव्यवहारकोशात दुर्गवर्ग आणि लेखनवर्ग असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. संरक्षणाला तट लागतो तसे दप्तरही लागते, हे त्या कोशकर्त्यांनी ओळखले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या राजधानीत, नागपुरात, डॉ. रघुवीर पारिभाषिक शब्दांचा डोंगर रचीत होते. आणि त्या प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष असलेले घनश्यामसिंह गुप्त, जे आमच्या शेजारच्या दुर्गचे, ते राज्यघटनेच्या हिंदी भाषांतराच्या समितीचे प्रमुख होते. पुढे महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ च्या पदनाम कोशावर आचार्य अत्र्यांनी टीकेची झोड उठविली. या इतिहासातून संग्राहकांनी एक धोरण घेतले: जो शब्द लोकांच्या तोंडी बसला आहे त्याला उठवायचे नाही, आणि जेथे लोकांच्या मनात घोटाळा आहे तेथेच नवा किंवा जुना शब्द पुढे आणायचा. फायरवॉल हा शब्द त्यांनी तसाच ठेवला. अग्निभिंत म्हटल्याने कोणाचे ज्ञान वाढत नाही, उलट काहीच पलीकडे जाऊ न देणारी भिंत असा भलताच समज होतो, वास्तविक ती निवडून सोडणारी चौकी आहे. पासवर्डही राहिला. यंत्रणेतील भगदाडाला मात्र खिंडार हा गडकोटांचा शब्द मिळाला.

कायद्याच्या भाषेतील शब्दांसाठी एक स्वतंत्र परिशिष्ट आहे. १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यापासून २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्यापर्यंतच्या संज्ञा त्यात आल्या आहेत. त्यांपैकी २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांकडे व्यवसायात असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे: हल्ल्याची वर्दी सहा तासांच्या आत द्यावयाची, रोजकीर्दी १८० दिवस जपावयाच्या, आणि सर्व संगणकांची घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवून ठेवावयाची. हे तिसरे कलम किरकोळ वाटते, परंतु दहा यंत्रांच्या दहा वह्यांत दहा घड्याळांच्या वेळा असतील, तर आधी कोणते दार उघडले आणि मागून कोणते, हे कोणताही पंच सांगू शकणार नाही.

एका संज्ञेपाशी संग्राहक दीर्घकाळ अडले होते, ती म्हणजे ‘झीरो ट्रस्ट’. २०१० च्या सुमारास अमेरिकेत जॉन किंडरवॅग यांनी ती रूढ केली आणि २०२० साली तेथील राष्ट्रीय प्रमाण संस्थेने तिचे शास्त्र प्रसिद्ध केले. तटाच्या आत असणे हा विश्वासाचा पुरावा नव्हे, आत आलेल्या प्रत्येकाची प्रत्येक दाराशी नव्याने पारख व्हावी, असा तिचा आशय आहे. ‘शून्य विश्वास’ असा शब्दशः पर्याय छापला असता, तर ज्या कारखान्यात माणसे एकमेकांच्या भरवशावर उकळत्या रसाजवळ उभी राहतात, तेथे तो कामगारांवरचा आळ वाटला असता, आणि तसा तो नाही. मेन गेटातून आत आलेल्या कामगाराला गॅसच्या पट्ट्यात जाताना पुन्हा परमिट दाखवावे लागते, तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शंका घेत नसतो. बऱ्याच चर्चेनंतर ‘दरवेळची खातरजमा’ हा पर्याय मुख्य नोंदीत घेतला आहे, आणि झीरो ट्रस्ट या शब्दाखाली तिकडे पाहण्याची सूचना दिली आहे.